संग्राहकाचा आवाज

स्वतःचाच आवाज कानात शिरला तेव्हा तो दचकला. श्रवणकक्षात दुसरं कोणी नव्हतं. दुपारची वेळ, वर्ग सुटलेले, काचेपलीकडच्या व्हरांड्यात कोणीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून रचत होतं. कानांवर हेडफोन असल्यामुळे त्याला खुर्च्यांचा आवाज येत नव्हता, नुसते हात हलताना दिसत होते. संगणकावर त्याने जो तुकडा उघडला होता त्यात एखाद्या म्हातारीचं गाणं असणार असं तो धरून चालला होता. त्याऐवजी एक तरुण, कोरडा, स्वतःवर भलताच खूश असलेला पुरुषी आवाज म्हणाला, "रीळ नववं, सुरुवात." मग थोडी खरखर. मग तोच पुरुष म्हणाला, "रीळ नववं, समाप्त." दुसऱ्या वेळी आवाज चढा होता आणि शब्द घाईत होते, मधल्या वेळात त्या माणसाला कोणी चिमटा काढला असावा तसे. हा आपला आवाज आहे हे ओळखायला त्याला क्षणभर लागलं, आणि तेवढ्या वेळात त्या माणसाबद्दल मनातल्या मनात त्याने नाक मुरडूनही घेतलं होतं.

आपला आवाज त्याने यापूर्वी कधीच ऐकला नव्हता असं नाही. पण गाणी गोळा करणाऱ्या लोकांची एक रीत असते. गावोगाव हिंडून टेप भरायच्या, प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी रिळाचा क्रमांक स्वतः मोठ्याने बोलायचा, कारण डब्यांची अदलाबदल होते, चिठ्ठ्या गळून पडतात. आणि मग घरी आल्यावर तेवढंच सोडून बाकी सगळं ऐकायचं. लग्नाच्या फोटोत छायाचित्रकाराची सावली पडली तर लोक कडेचा भाग कापून टाकतात, तसंच हे. त्याच्या संग्रहाच्या ज्या प्रती जगभर गेल्या त्यांतून हे क्रमांक काढून टाकलेले होते. त्यानेच काढायला लावले होते. म्हातारी, तिचं गाणं आणि शांतता, एवढंच त्याला हवं होतं. मूळ रिळं तळघरातल्या पेट्यांमध्ये होती आणि ती कोणी मागवली तर अर्ज मंजूर करणारी समिती होती. अलीकडे कोणीतरी ती मागवली असणार. कोण, ते त्याला कळायची सोय नव्हती. शोधनिबंधावर लेखकाचं नाव नव्हतं आणि परीक्षक म्हणून त्याचंही नाव लेखकाला कळणार नव्हतं. विद्वानांच्या जगात एकमेकांना मारायचं तेही बुरखे घालून, असं तो विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचा आणि विद्यार्थी हसायचे.

निबंध त्याच्याविरुद्धच होता. त्याच्याविरुद्ध म्हणजे त्याच्या चढणीविरुद्ध, पण ते एकच. तिशी ओलांडता ओलांडता त्याने एक गोष्ट मोजून काढली होती. साथीला कोणतंही वाद्य नसताना, घरात, काम करताना किंवा मूल निजवताना म्हाताऱ्या बायका जे गातात, त्याचा आधारस्वर हळूहळू वर सरकत जातो. गाणारीला पत्ता नसतो, ऐकणाऱ्यालाही नाही. गाणं संपेपर्यंत ती जिथून निघाली तिथून बरीच वर गेलेली असते, आणि लयही किंचित जलद झालेली असते. इतरांनी याला बेसूरपणा म्हटलं असतं. त्याने याला चढण म्हटलं. ही चूक नव्हे, हे गाण्याचं व्याकरण आहे. आठवण जसजशी उघडत जाते तसतसा आवाज वर ओढला जातो. माणसाचा आवाज मोकळा सोडला तर तो वर जातो. त्या एका वाक्यावर त्याला नोकरी लागली, बढती मिळाली, परदेशच्या वाऱ्या झाल्या. पाठ्यपुस्तकांत एक प्रकरण आलं. पोरांनी त्याच्यावर प्रबंध लिहिले. कोणाला आपल्या टेपांत चढण सापडली नाही, तर तो खांद्यावर हात ठेवून प्रेमाने सांगायचा की तुमच्या गायिका वाद्यांच्या साथीने बिघडलेल्या आहेत, आणखी आत जा, आणखी म्हाताऱ्या बायका शोधा. लोक शोधायचे. काहींना चढण सापडायचीही. त्यांच्याही टेपरेकॉर्डरला बॅटऱ्याच होत्या, हे आता त्याच्या ध्यानात आलं.

कारण निबंधातला मुद्दा शाळकरी मुलालाही कळेल असा होता. जिथे वीज नव्हती किंवा भरवशाची नव्हती तिथे टेपरेकॉर्डर बॅटरीवर चाले. बॅटरी उतरत गेली की मोटर मंदावते, फीत हळू सरकते. हळू भरलेली फीत घरी आणून पूर्ण वेगाने वाजवली की आवाज चढा येतो आणि लय वाढते. गाणं जितकं लांब तितकी चढण मोठी. म्हाताऱ्या चढल्याच नव्हत्या, यंत्र थकलं होतं. आणि हे नुसतं तर्कट नाही हे दाखवायला लेखकाने जो साक्षीदार उभा केला होता तो म्हणजे तोच, त्याचाच आवाज. सुरुवातीचा आणि शेवटचा क्रमांक, तेच शब्द, तोच माणूस. गायिका जितकी चढली तितकाच तोही चढला होता, केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. एका ठिकाणी लेखकाने लिहिलं होतं, "प्रत्येक रिळात गायिकेबरोबर संग्राहकही चढत गेला आहे असे दिसते." या वाक्यात खोच होती की नव्हती हे त्याला ठरवता येईना. बाकी निबंध अतिशय सभ्य होता, तेच जास्त लागत होतं. संग्राहकाच्या शिस्तीमुळेच ही दुरुस्ती शक्य झाली, असं आभारही मानून लेखक मोकळा झाला होता. कोणी नावाने खडे फोडले असते तर त्याने बाह्या सरसावल्या असत्या. इथे कोणीतरी हळूच त्याचा हात धरून त्याला खुर्चीवरून उठवत होतं आणि वर पाण्याचा पेलाही पुढे करत होतं.

त्याने हेडफोन काढले तर टेबलावर फोन थरथरत होता. नियतकालिकाचा संपादक. हा माणूस फोनवर नेहमी धापा टाकल्यासारखा बोले.

"काय मग, वाचलंत का?"

"वाचतोय."

"आता रीतच आहे, ज्याच्यावर टीका त्याचं मत घ्यायचं, म्हणून तुम्हाला पाठवलं. दुसऱ्या परीक्षकाने हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे म्हणून हात झटकले. म्हणजे आता तुम्हीच. आणि खरं सांगू? तुमच्याइतकं हे कळणार तरी कोणाला? तुम्ही म्हणालात दम नाही, तर दम नाही. विषय संपला. परत पाठवून देऊ."

"आणि दम असला तर?"

"तर छापू. पण घाई काय आहे? एखादं गृहीतक कच्चं असेलच की. कोणत्या निबंधात नसतं? नीट बघा तुम्ही."

फोन ठेवून तो काचेकडे बघत बसला. खुर्च्या रचणारा माणूस निघून गेला होता, रचलेल्या खुर्च्यांची उतरंड तेवढी भिंतीला टेकून उभी होती. तेवढ्यात दार ढकलून विभागप्रमुख आत आली. ही त्याचीच विद्यार्थिनी. चढणीवरच तिने डॉक्टरेट केली होती, आणि आता त्याच्या गौरवाच्या चर्चासत्राची सगळी धावपळ तिच्या गळ्यात होती. "सर, तुम्ही इथे होय! मी तुम्हाला सगळीकडे शोधतेय. समारोपाला तुमच्या आईंची टेप ठेवायची ना? सगळ्यांत शेवटी ठेवू. दिवे थोडे मंद करू. ती ऐकून लोक हसतात पण आणि रडतात पण. मी तर अजून रडते." तो म्हणाला, ठेवू. दुसरं काय म्हणणार? ती घाईत होती. दारातून वळून तिने विचारलं, "बरं वाटत नाहीये का सर? चेहरा उतरलाय." तो म्हणाला, उकडतंय. ती पंखा एका घराने वाढवून गेली, आणि टेबलावरचे निबंधाचे कागद उडायला लागले. त्यांवर त्याने आपला चष्म्याचा डबा ठेवला. हे छापून आलं तर ही पोर काय करील, असं त्याच्या मनात आलं. तिचा प्रबंध, तिची नोकरी, तिने ज्यांना शिकवलं ती पोरं. पण खोटं कशाला बोला, हा विचार काही फार वेळ टिकला नाही. आईची टेप म्हटल्याबरोबर त्याचा हात आपोआप हेडफोनकडे गेला होता.

आईचं रीळ सगळ्यांत शेवटी भरलेलं. तोवर त्याने परक्यांच्या उंबरठ्यांवर बसून कितीतरी म्हाताऱ्यांची गाणी जमवली होती आणि अचानक त्याच्या डोक्यात आलं की आपल्या घरातली राहिलीच. त्या वेळी आई अंथरुणाला खिळलेली होती. लहानपणी ती त्याला जी अंगाई म्हणे, तिला शेवटच नव्हता. एकेका कडव्यात एकेक नातलग यायचा आणि पाळण्यातल्या बाळासाठी काहीतरी आणायचा. काका आला, मामा आला, मावशी आली, थोरली काकू आली, मूल झोपेपर्यंत पाहुणे संपायचे नाहीत. मूल फारच टक्क जागं असलं तर आई शेजारपाजारचे लोकही बोलावून आणी. ती तिने त्या दिवशी म्हटली. पहिलं कडवं खालच्या आवाजात, चाचपडत. मग आवाज वर सरकत गेला, वर सरकत गेला, आणि शेवटी शेवटी तर एखादी पोरगी गातेय असा तो चपळ आणि हलका झाला. गाणं संपल्यावर ती म्हणाली होती, "पुरे रे आता." हे तीन शब्द प्रत्येक व्याख्यानात तो मुद्दाम ठेवायचा. इतक्या लाडिकपणे, इतक्या झटक्यात ती ते म्हणे की लोक खळखळून हसत. मरणाच्या दारातली बाई आपल्या घोड्याएवढ्या मुलाला दटावते आहे. मग हसू ओसरलं की सभागृहात शांतता पसरायची, आणि त्या शांततेत तो म्हणायचा, "ती यानंतर थोड्याच दिवसांनी गेली. पण जाताना ती चढत होती." याच्यापुढे कोणी प्रश्न विचारत नसे.

आई गेली तेव्हा तो रडला नव्हता. नातेवाइकांना त्याचं नवल वाटलं, मावशीने तर आडून बोलूनही दाखवलं की शिकलेल्या माणसांचं काळीज वेगळंच असतं. त्याला वाटे, यांना काय सांगायचं. त्याच्यापाशी टेप होती. बाकीच्यांनी आईला खोल खोल जाताना पाहिलं होतं आणि याने तिला वर जाताना ऐकलं होतं. वर्षानुवर्षं जेव्हा जेव्हा आतून भरून यायला लागे, तेव्हा तो ते रीळ लावी, आणि आई पुन्हा एकदा चाचपडत सुरुवात करून पोरीसारखी शेवटाला पोचे. एवढ्यावर त्याने दिवस काढले होते. चढण हा सिद्धान्त आहे हे जगाला ठाऊक होतं. तो त्याचा आधारही आहे हे कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बायकोलाही त्याने कधी सांगितलं नाही.

निबंधाच्या शेवटी दुरुस्त केलेले ध्वनी जोडलेले होते. संग्राहकाचा आवाज सुरुवातीला आणि शेवटी सारखा येईल अशा बेताने प्रत्येक रिळाचा वेग सावरून घेतला होता. त्यांत आईचंही रीळ होतं. लेखक त्याच्या व्याख्यानांना कधी आलेला दिसत नव्हता, ती कोणाची आई हे त्याला माहीत नव्हतं. पेटीवर नुसतं "वृद्ध गायिका, घरगुती" असं त्यानेच लिहून ठेवलं होतं, शास्त्रीय अलिप्तपणा म्हणून. तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला. मग त्याने ते दाबलं. क्रमांक ऐकू आला, त्याच्या कोरड्या आवाजात. मग आई. पहिलं कडवं तेच, ओळखीचं. दुसरंही. तिसऱ्या कडव्यात, जिथे आवाज वर सरकायला हवा होता तिथे तो सरकला नाही. तो तिथेच घुटमळला आणि मग खाली बसायला लागला. मामा आला तेव्हा तिने दोन शब्दांच्या मध्ये श्वास घेतला. हा श्वास त्याने हजारदा ऐकला होता, पण जलद वाजलेला. तेव्हा ती लाडाने घेतलेली गिरकी वाटे. आता ती बाई हवा ओढत होती. मावशीच्या कडव्यात तिचा स्वर इतका खाली आला की शब्द घशातच राहिले. मध्ये एकदा ती थांबली. मग तो तरुण आवाज म्हणाला, "आई, आत्याचं कडवं राहिलं." आणि तिने आत्याचं कडवं घेतलं. मग थोरल्या काकूचंही घेतलं. तिला कोणी हाताला धरून जिन्याच्या एकेका पायरीवरून खाली उतरवतंय असं ते ऐकू येत होतं. आणि मग ती म्हणाली, "पुरे रे आता." त्यात लाड नव्हता. ती विनवत होती.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यातून रिळाच्या समाप्तीचा क्रमांक बारीक किरकिरत बाहेर येत राहिला. इतकी वर्षं भरलेल्या सभागृहांपुढे त्याने आपल्या आईच्या विनवणीवर लोकांना हसवलं होतं. पण खरा फटका त्यानंतर बसला, खुर्चीतच, पंख्याच्या वाऱ्यात. टेप घरी येऊन वाजली तेव्हा ती खोटी वाजली, मान्य. त्या खोलीत मात्र टेप वाजत नव्हती, आई गात होती. तो तिच्या उशापाशी, हात लांब केला तर कपाळाला लागेल इतक्या अंतरावर बसला होता. तिचा खरा आवाज, खाली खाली जाणारा, त्याच्या कानांत जात होता. कानांवर तेव्हाही हेडफोन होतेच, उलट इतरांपेक्षा स्वच्छ जात होता. मग तो कुठे गेला? त्याने आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. खोली आठवली, उशाची पांढरी खोळ आठवली, ध्वनीची पातळी दाखवणारा काटा आणि त्यातला हिरवा दिवा आठवला. आवाज आठवला तो टेपवरचा, पोरीसारखा, चढता. त्याच्यामागे काही नव्हतंच. टेपने ती दुपार पुसून तिथे स्वतःला भरून ठेवलं होतं. की पुसण्याजोगं तिथे मुळात काही उमटलंच नव्हतं? आयुष्यभर लोक त्याच्या कानाची तारीफ करत आले होते.

मग तो निबंध त्याने पुन्हा हाती घेतला, या वेळी परीक्षकासारखा, पेन्सिल घेऊन, आणि बुडत्याला सापडावी तशी त्याला एक जागा सापडली. ती लेखकाने लपवली नव्हती, उलट शेवटच्या पानावर स्वतःच कबूल केली होती. सगळी दुरुस्ती एका गृहीतकावर उभी होती: संग्राहकाचा आवाज गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मुळात सारखाच होता. तसा तो का मानावा? तर गाण्यात संग्राहकाचा काही सहभाग नव्हता. तो सगळ्याच वृद्ध गायिकांना "आई" अशी हाक मारतो, आणि उपलब्ध सर्व रिळांत ही हाक, वेग सावरून घेतल्यावर, एकाच पट्टीत येते. "तथापि," लेखकाने लिहिलं होतं, "एखाद्या प्रसंगी संग्राहकाचा आवाज भावनेमुळे बदलला असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. ही या पद्धतीची मर्यादा आहे."

हे वाचून तो उठून उभाच राहिला. ही सगळ्या म्हाताऱ्यांना "आई" म्हणायची युक्ती त्याने फार लवकर उचलली होती. आई म्हटलं की बाया खुलतात, दार उघडतं, लाज मोडते. पण त्यातली एक खरोखरच आई होती! लेखकाला हे ठाऊक नव्हतं, त्याला ठाऊक होतं. समोर जन्मदाती संपत आलेली असताना कोणाचा आवाज जागचा हलणार नाही? तो वर जाईल, दाटेल, फाटेल. आणि तो जर गाणं संपेपर्यंत आपोआपच चढला असेल, तर त्या रिळाची दुरुस्ती चुकीची ठरते. आई खाली गेली नाही, तिला खाली ओढलं गेलं. एक रीळ चुकीचं तर बाकीच्यांचा तरी काय भरवसा? इतर घरांतही तो म्हाताऱ्यांची दुःखं ऐकून हेलावला नसेल कशावरून? गृहीतक कच्चं. दोन परिच्छेद लिहिले की काम फत्ते. संपादक सुटकेचा श्वास टाकील, विभागप्रमुख दिवे मंद करील, आणि आई पुन्हा चढेल. यासाठी फक्त एवढंच खरं असायला हवं होतं की त्या दिवशी त्याचा आवाज हलला होता. त्याला ते आठवत नव्हतं. पण एक माणूस होतं ज्याला आठवत असेल.

कागद पिशवीत कोंबून तो बाहेर पडला. वाटेत चौकातल्या सिग्नलला लोकांबरोबर थांबला आणि लोक पलीकडे गेले तरी तिथेच राहिला. मागच्या माणसाने "अहो काका, चला ना" म्हटलं तेव्हा चालू लागला. तोंडातल्या तोंडात तो घोकत होता: आई, आत्याचं कडवं राहिलं. वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून बघत होता. दाटल्या गळ्याने म्हटलं तर कसं झालं असतं, आवाज चिरकला असता तर "राहिलं" कसं आलं असतं. एका दुकानाच्या दारात उभी असलेली बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. सगळ्यांत वाईट हे की प्रत्येक वेळी तो नाटक करतोय हे त्याला कळत होतं. तो कान काही मेला चुकत नव्हता.

बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. ती आणि तो विद्यापीठात एका वर्गात होते. सुरुवातीच्या सगळ्या दौऱ्यांत ती बरोबर असे, बॅटऱ्या, रिळं आणि याचा चष्मा सांभाळत. मग शाळेत नोकरी लागली आणि तिने हिंडणं सोडलं. आता निवृत्त होऊन ती गच्चीतल्या कुंड्या बघते आणि याच्या व्याख्यानांना येत नाही. "सगळं पाठ झालंय मला," असं म्हणते.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

"नको. एक विचारायचं होतं. आईची टेप केली त्या दिवशी तू होतीस ना?"

"होते की. दारात उभी होते. का?"

"तिला त्रास होत होता का गाताना?"

तिचे हात थांबले. शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. "म्हणजे काय? धाप लागली होती त्यांना. मी तुला खुणा करत होते, पाणी दे म्हणून. तू काट्याकडे बघत होतास. मग मी बोलायला गेले तर तू ओठांवर बोट ठेवलंस." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुला हे माहीत नव्हतं?"

तो शेजारची खुर्ची ओढून बसला आणि उगाचच एक शेंग हातात घेतली. त्याला जे विचारायचं होतं ते हे नव्हतंच, पण ज्यासाठी आलो ते विचारायला आता जीभ रेटेना. शेवटी त्याने टेबलाकडे बघत विचारलं, "आणि माझा आवाज? तिच्याशी बोलताना माझा आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे दाटलेला वगैरे. बदललेला. तू ओळखतेस माझा आवाज. नीट आठवून सांग. महत्त्वाचं आहे."

बायकोने खरंच आठवून पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि दिलासा म्हणून काही सांगावं इतकं आता दोघांमध्ये काही उरलंही नव्हतं, की खूप होतं म्हणूनच ती बोलली नाही, कोण जाणे. "तू म्हणालास, आई, आत्याचं कडवं राहिलं," ती सावकाश म्हणाली. "जसा बाकीच्यांना म्हणायचास ना, कुठल्या कुठल्या घरांत, आई अजून एक, आई तेवढं राहिलं, तस्साच. मी कान देऊन ऐकत होते. मला वाटलं होतं, आता तरी हलेल. नाही हलला. नेहमीसारखा होता." तिने शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. "मला तेव्हा भीती वाटली होती तुझी. नंतर सवय झाली."

बाहेरच्या खोलीत जाऊन त्याने संगणक उघडला. परीक्षकाच्या अभिप्रायाचा चौकोन रिकामा होता. स्वयंपाकघरात वाटीत दाणे पडत होते, आणि ते बंद पडेपर्यंत तो नुसता बसून राहिला. मग त्याने लिहिलं: "निबंध जसाच्या तसा छापावा. एकच दुरुस्ती सुचवतो. संग्राहकाचा आवाज भावनेमुळे बदलला असण्याची शक्यता लेखकाने शेवटच्या पानावर नोंदवली आहे. ते वाक्य काढून टाकावे. त्याची गरज नाही."